सहावी धाव

आप्पा वस्ताद रांगेच्या मागच्या बाजूनं चालत आले. एकेका पोराच्या मांडीला मागून अंगठा लावून दाबायचं, हुं करायचं आणि पुढच्याकडं सरकायचं, असं त्यांचं चाललं होतं. सत्यजितपाशी ते थांबले. दोनदा दाबून पाहिलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"सर, पोरगं गार पडाय लागलंय."

"दोन मिनिटं, आप्पा."

"मगाधरनं दोनच मिनिटं हाईत तुमची."

समोर मांडवात माईक चालू होता, माझ्या गळ्यात स्टॉपवॉच चालू होतं, आणि आमची अकरा पोरं हात मागं बांधून शाळेच्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी उभी होती. सत्यजितनं मान जराशी वळवली आणि भुवया उडवल्या. परत पळू का, असं तो विचारत होता. मी तळहात खाली करून दाखवला. थांब.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. त्या हाताबद्दल मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. खाली कुस्तीचा हौदा, लाल माती, तेलाचा वास, आणि वरच्या खोलीत काचेच्या कपाटात फुटबॉलचे कप. वाघजाई तालमीत मी लहानाचा मोठा झालो. अकरा वर्षं संघात होतो, म्हणजे बाकावर होतो. राखीव खेळाडू. त्या अकरा वर्षांत स्टेडियमवर मी सगळं मिळून चाळीस मिनिटंसुद्धा खेळलो नसेन. मॅचआधी माईकवर खेळाडूंची नावं वाचणारा माणूस अकराव्या नावावर थांबायचा आणि 'व इतर' म्हणायचा. माझी आई गॅलरीत बसून ते 'व इतर' ऐकायची आणि घरी आल्यावर, तुझं नाव घेतलं नाही रे, असं दरवेळी नव्यानं सांगायची. पुढं मी हायस्कूलला खेळाचा शिक्षक झालो. पोरं हेरवाडे सर म्हणायला लागली. तालमीतल्या जुन्या मंडळींच्या लेखी मात्र मी राखीवच राहिलो.

एका उन्हाळ्यात बंगळूरला प्रशिक्षकांच्या सहा आठवड्यांच्या शिबिराला गेलो आणि येताना एक वही भरून घेऊन आलो. त्या वहीत बावीस मिनिटांचा वॉर्म-अप होता. आमच्या पोरांची मॅचआधीची तयारी तोवर ठरलेली. तालमीत चार जोर, चार बैठका, वाघजाईला नारळ, आणि हलगीच्या मागं नाचत स्टेडियमपर्यंत मिरवणूक. तिथं पोचलं की गोलवर दणादणा बॉल मारायचे. झाली तयारी. म्हणूनच पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही हमखास गोल खायचो आणि मग पाऊण तास तो फेडत बसायचो.

मी ते सगळं बदललं. आधी संथ पळणं, मग खुब्याचे सांधे मोकळे करणं, गुडघे छातीपर्यंत, टाचा मागं, लांब ढांगा टाकत चालणं, मग जोडीजोडीनं बॉल, आणि शेवटी सहा धावा. पहिल्या दोन निम्म्या वेगानं, पुढच्या दोन त्याहून जोरात, शेवटच्या दोन जीव तोडून. सहावी धाव संपली की पाच मिनिटांच्या आत मॅच सुरू झाली पाहिजे. मधे कुणी बोलायचं नाही, कुणी उठून जायचं नाही, आणि सगळं झाल्यावरच प्रत्येकाला अर्धं लिंबू मिळणार. पोरांनी त्याचं नाव 'आरती' ठेवलं आणि लिंबाला प्रसाद म्हणू लागली. मी रागावलो नाही, कारण आरती चुकवायची पोरांना भीती वाटते हे मला ठाऊक होतं.

आप्पा वस्ताद तालमीचे जुने पैलवान. पासष्टी ओलांडलेले, कान मोडलेले. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पोरं त्यांना टरकून असत. त्यांनी आरती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "ह्यो कसला नाच लावलाय, सर? घाम आला की अंग तयार." मी त्यांना चारचौघांत समजावून सांगितलं. घाम वेगळा आणि स्नायू आतून तापणं वेगळं, वगैरे. समजावताना मी थोडा हसलोही. ते हसणं माझ्या लक्षात आहे, कारण त्यानंतर आप्पांनी माझ्याशी त्या विषयावर वाद घातला नाही.

वादाला जागा मी ठेवलीच नव्हती. वहीत आकडे होते. सत्यजित नलवडे थंड अंगानं तीस मीटर पळाला की त्याला चार पूर्णांक तीन सेकंद लागायचे. आरतीनंतर चार पूर्णांक एक. ऐकणाऱ्याला हा फरक काहीच वाटत नाही. पण बचावपटूच्या आधी बॉलपर्यंत पोचायला तेवढाच पुरतो. एकदा मी आणखी एक गंमत केली. आरती झाल्यावर पोरांना पंधरा मिनिटं नुसतं उभं केलं आणि मग पळवलं. सत्यजित पुन्हा चार पूर्णांक तीनवर. केलेलं सगळं पंधरा मिनिटांत वाहून गेलं होतं. मी तो आकडा लाल शाईनं लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पोरांना दाखवला. तयार होऊन उभं राहण्यापेक्षा तयार न झालेलं बरं, असं त्यांना सांगितलं. हे मीच सांगितलं होतं.

त्या मोसमात नऊ मॅचमध्ये पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही एकही गोल खाल्ला नाही, उलट सात केले. त्यातले पाच सत्यजितचे. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, समोर पाणवठा तालीम.

सत्यजित तेव्हा बावीस वर्षांचा. त्याच्या वडिलांची नजर फाउंड्रीच्या भट्टीपुढं उभं राहून राहून गेली होती, आणि त्यांच्या जागेवर आता तो स्वतः उभा राहत होता. सकाळची पाळी करून दुपारी सरावाला यायचा, केसांत काळी धूळ तशीच. एका सरकारी खात्याच्या फुटबॉल संघात खेळाडूंची भरती होती, आणि त्यांचे दोन निवडकर्ते आमचा अंतिम सामना बघायला येणार होते. यादीत सत्यजितचं नाव होतं. पसंत पडला तर कायमची नोकरी. भट्टी सुटणार होती. त्याची आई शालनताई आठवडाभर आधी माझ्या घरी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सर, ह्याच्या बापाचं डोळं गेलं. ह्याचं ऱ्हाऊ द्यात, एवढंच बघा." मी म्हणालो, काळजी करू नका, पहिल्या पंधरा मिनिटांत तो काय करतो ते निवडकर्ते बघतीलच.

माघाचे दिवस होते. ऊन होतं, पण पंचगंगेकडून गार वारं सुटलं होतं. मॅच चारची. तीन पस्तीसला मी आरती सुरू केली. एवढ्या गर्दीपुढं ती पहिल्यांदाच होत होती. पोरं एका लयीत वाकत होती, उठत होती, आणि वाघजाईच्या गॅलरीतली माणसं टाळ्यांचा ठेका देत होती. आमचा गोलकीपर इरफान मोमीन माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "सर, आज प्रसाद मोठा पाहिजे." तीन सत्तावनला सहावी धाव संपली. मी सवयीनं स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि दाबलं. पोरांच्या अंगातून वाफ निघत होती. तसा संघ मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि हा आपण घडवलाय, असं मला वाटलं.

चारला माईकवरून सांगितलं की प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. खेळाडूंनी ओळखीसाठी रांगेत उभं राहावं.

पाणवठ्याची पोरं रांगेत आली ती तशीच, गॅलरीच्या सावलीतून उठून. त्यांनी फारसं काही केलेलंच नव्हतं. आमची पोरं तापलेल्या अंगानं उभी राहिली. प्रमुख पाहुणे साहेब चार आठला आले. मग प्रत्येक खेळाडूशी हात मिळवणं, प्रत्येक हाताला एक फोटो. मग साहेबांचं भाषण. कोल्हापूरची माती, कोल्हापूरचा रांगडा खेळ, त्यांच्या स्वतःच्या लहानपणी चिंध्यांचा केलेला बॉल. भाषण संपलं तेव्हा माझ्या घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली होती. तेव्हाच आप्पा वस्ताद रांगेच्या मागून आले आणि पोरगं गार पडायला लागलंय म्हणाले. कुस्तीच्या फडात जोडीची वाट बघणारा पैलवान कधी स्वस्थ उभा राहत नाही. मांड्या थोपटतो, येरझाऱ्या घालतो. हे आप्पांना पन्नास वर्षांपासून माहीत होतं. त्यासाठी त्यांना बंगळूरला जावं लागलं नव्हतं.

मग सत्कार झाला. पंच शिकलगारांनी नाणेफेक घेतली आणि शिट्टी मारली तेव्हा घड्याळात अडतीस मिनिटं होती.

पाणवठ्याची पोरं जपून खेळत होती. आपली तयारी झालेली नाही हे त्यांना माहीत होतं. आमच्या पोरांना वाटत होतं आपण तयार आहोत. चौथ्या मिनिटाला इरफाननं लांब बॉल टाकला, सत्यजितनं बचावपटूच्या खांद्यावरून तो पाहिला आणि पाय काढला. सहा-सात ढांगा गेल्या असतील. आणि कुणीतरी मागून बोलावल्यासारखा त्यानं उजवा हात मांडीच्या मागं नेला. त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. तो गुडघ्यावर आला, मग पालथा पडला. गवत मुठीत धरलं होतं त्यानं.

आवाज आला होता, असं पाणवठ्याचा बचावपटू नंतर सांगत होता. ओली काठी मोडावी तसा. मला ऐकू आला नाही.

स्ट्रेचर आलं. महिलांच्या गॅलरीत शालनताई उभ्या राहिल्या होत्या, बाकीच्या बायका त्यांना खाली बसवत होत्या. निवडीचे साहेब मध्यंतराला उठून गेले. मॅच आम्ही जिंकलो, पेनल्टीवर. इरफाननं दोन अडवल्या. गुलाल उधळला, हलगी सुरू झाली, पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. वरून सगळं स्टेडियम दिसत होतं. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच वाटत होतं. थोड्या वेळानं उतरेल असं मी धरून चाललो.

दिवेलागणीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाहेरच सांगितलं. मांडीच्या मागचा स्नायू वर हाडापासून सुटलाय. ऑपरेशन करावं लागेल, वर्षभर लागेल, चालेल, हळू पळेलही. पण तो वेग परत येणार नाही. मी आकडा विचारणार होतो, मग विचारला नाही.

सत्यजित भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी स्टूल ओढून बसलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोसंबी सोलत होता, त्याचा वास येत होता.

"सर, एक सांगू का? रागाला येऊ नका."

"सांग."

"सहावी धाव मी चोरली. नाडी बांधायचं निमित्त केलं. आई जाळीजवळ आल्ती, तिला निवडीचे दोघं दाखवत हुतो, ते बघ ते म्हणून." त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. डोळे कोरडे होते. "त्यामुळंच झालं न्हवं?"

मी ते पाहिलं होतं. वाकलेला सत्यजित आणि जाळीपलीकडं शालनताई. पाहिलं आणि सोडून दिलं होतं, कारण पाच धावा झालेल्या पोराला सहावीनं काही फरक पडत नाही. एवढं त्याला सांगायला दहा शब्द पुरले असते.

"आता त्याचा विचार करू नकोस," मी म्हणालो.

"म्हंजे त्यामुळंच."

मी त्याच्या उशाचं पाणी नीट ठेवलं, चादर ओढली आणि बाहेर आलो. बाकावर शालनताई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी काय करणार, सर. तुमी सगळं केलंत." मी मान हलवली.

आता जे सांगायचं ठेवलं होतं ते सांगतो. वर मी 'मग सत्कार झाला' एवढंच म्हणालो. आजपर्यंत ही हकिकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांना इतकंच म्हणालो. पाहुणे उशिरा आले, भाषण लांबलं, सत्कार झाला. ऐकणारे पुढाऱ्यांना दोन शिव्या घालतात आणि विषय संपतो.

भाषण संपलं तेव्हा, आप्पा वस्ताद मांड्या दाबत पुढं गेल्यावर लगेच, पंच शिकलगार माझ्याकडं आले होते. शिट्टी हातात होती. ते म्हणाले, "सर, साहेबांचं आटोपलं. आता एकच सत्कार ऱ्हायलाय. तो मॅच झाल्यावर घेऊ म्हणतो. तुमी पोरं पाच मिनिटं पळवून घ्या, मी थांबतो."

तो एक सत्कार माझा होता.

तालमीनं ठरवला होता, मला आठवड्यापासून माहीत होतं. बायकोला आणि आईला मी पुढच्या रांगेत बसवलं होतं. फेटेवाला मांडवाजवळ गुलाबी कापड हातावर घेऊन उभा होता. मॅच झाल्यावर म्हणजे कधी? हरलो तर कोण कुणाचा सत्कार करणार? जिंकलो तर त्या गोंधळात माईक कोण ऐकणार? हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात एका क्षणात झाला. त्या हिशेबात पोरं नव्हती. मी शिकलगारांना म्हणालो, "राहू दे हो, आता उभीच आहेत. उरकून घ्या." ते माझ्याकडं बघत राहिले, मग परत गेले. मी मांडवाकडं निघालो तेव्हा सत्यजितनं भुवया उडवल्या, आणि मी त्याला तो हात दाखवला.

फेटा बांधायलाच चार मिनिटं गेली. माझं डोकं मोठं, कापड कमी पडलं, सोडून पुन्हा बांधलं. मग परिचय वाचला. यांच्या शास्त्रशुद्ध वॉर्म-अपमुळं वाघजाईच्या एकाही खेळाडूला या मोसमात दुखापत झालेली नाही, असं त्या कागदात होतं. माझं नाव तीनदा आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग शाल, मग नारळ, मग फोटोवाला म्हणाला, नारळ जरा वर धरा. मी धरला. आई पदर तोंडाशी लावून रडत होती. सगळं मिळून अकरा मिनिटं. शालीच्या आत स्टॉपवॉच छातीला लागत होतं आणि मला ते जाणवत होतं. मला फार बरं वाटत होतं. आयुष्यात तेवढं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही. खोटं कशाला बोलू.

पुढच्या मोसमानंतर मी तालीम सोडली. शाळेचं काम वाढलंय असं सांगितलं. आप्पा वस्तादांनी तो विषय कधी काढला नाही. फक्त माझ्यासमोर पोरांच्या मांडीला हात लावणं त्यांनी सोडून दिलं. ते गेले तेव्हा मी मातीला गेलो होतो.

सत्यजित फाउंड्रीत परत लागला. उजवा पाय जरा ओढतो. चार-पाच वर्षांनी तो माझ्याकडं आला आणि ती बंगळूरची वही मागितली. रविवारी पोरांना शिकवणार म्हणाला. मी वही दिली आणि स्टॉपवॉचही दिलं. तेव्हापासून शाळेच्या मैदानावर त्याची चाळीस-पन्नास पोरंपोरी असतात. मी कधी गेलो तर तो स्टॉपवॉच स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवतो. "वेळ तुमीच बघा, सर." दर मोसमाच्या पहिल्या दिवशी तो पोरांना गोल बसवून एकच गोष्ट सांगतो. मी एक धाव चोरली आणि पाय घालवून बसलो, तेव्हा पोरांनो चोरी करू नका. त्याची पोरं सहावी धाव कधी चोरत नाहीत. मी हे दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा खाली गवताकडं बघत होतो.

मग यंदाच्या माघात त्याच्या पोरांचा अंतिम सामना होता आणि त्यानं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं.

गेलो तेव्हा आरती संपत आली होती. बारा-तेरा वर्षांची पोरं, दोन पोरीही होत्या, एका लयीत ढांगा टाकत होती. सहावी धाव झाली. सत्यजितनं त्यांना रांगेत उभं केलं, हात मागं. एका टेबलावर चादर घातली होती, तिच्यावर नारळ आणि घडीची शाल. शेजारी एक म्हातारा गुलाबी कापड घेऊन उभा होता.

"सर, फेटा बी सांगिटलाय," सत्यजित खुशीत म्हणाला. "तवाचाच फेटेवाला. हुडकून आणलाय."

म्हातारा माझ्या डोक्याकडं बघून ओळखीचं हसला. रांगेतली एक पोरगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. वारं गार होतं.

"आधी मॅच घे," मी म्हणालो.

"असं कसं? दोन मिनटांचं काम हाय, सर."

"अकरा मिनिटं लागतात."

तो हसला. माझा चेहरा पाहून थांबला. मी त्याला टेबलाच्या बाजूला घेतलं आणि सांगितलं. शिकलगार काय म्हणाले, मी काय म्हणालो, सत्तावीस मिनिटं आणि अकरा मिनिटं. आवाज चढला नाही की कापला नाही. शाळेत हजेरी घेतो तसं सांगितलं. सांगून झाल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

सत्यजित स्वतःच्या मांडीकडं बघत होता.

"म्हंजे सहाव्या धावेमुळं न्हवं?"

"नाही. एका धावेनं काही होत नाही."

"तुमास्नी हे तवा म्हायत हुतं? दवाखान्यात?"

"हो."

मी वाट बघत होतो. त्यानं मला शिवी दिली असती, ढकललं असतं, तरी चाललं असतं. तो वळून रांगेकडं बघत राहिला. त्या पोरांच्या आधी तिथं उभी राहून गेलेली सगळी पोरं मोजत असावा.

"एवढी वर्सं पोरांस्नी खोटंच सांगत आलो की मी," तो म्हणाला. एवढंच.

मग तो रांगेपाशी गेला. "पळा रं. हात सोडा. सगळ्या सहा, पुन्हा." पोरं सुटली. त्यानं गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं. मी सवयीनं हात पुढं केला होता. त्यानं ते दाबलं, स्वतःच्या मुठीत धरलं आणि पाय ओढत रेषेकडं चालू लागला.

मी टेबलापाशी उभा राहिलो. पोरांची तिसरी धाव चालली होती. म्हाताऱ्यानं कापड झटकून पुन्हा हातावर घेतलं.

"सर, तवर बांधून घेऊ का?"

"नको," मी म्हणालो. "मॅच झाल्यावर बघू."